पाडा : अर्ध्या गावाची कुळकथा

उन्हाळा तापला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाणीटंचाईच्या बातम्या येतात आणि त्यांत दोन आकडे हटकून वेगळे दिलेले असतात: टँकर सुरू असलेली गावे इतकी, पाडे इतके. तहान दोन्हीकडे सारखीच, पण कागदावर पाडा काही गावात धरत नाहीत. हा भेद कुणा कारकुनाच्या सुपीक डोक्यातून निघाला असेल असे वाटणे साहजिक आहे. मात्र बाराव्या शतकात गुजरातेतल्या पाटणच्या हेमचंद्राने ‘अभिधानचिंतामणि’ या कोशात ‘पाटक’ या शब्दाचा अर्थ दिला आहे तो ‘अर्धे गाव’ असा. टँकरच्या तक्त्याला आठशे वर्षांचा आधार निघाला, तो असा.

पाटकापासून पाड्यापर्यंतची वाट सरळ आहे. संस्कृत ‘घोटक’चा जसा घोडा झाला, तसा ‘पाटक’चा प्राकृतात ‘पाडय’ आणि मराठीत पाडा. गंमत म्हणजे हेमचंद्र ज्या पाटणात राहिला, तिथल्या गल्ल्यांना आजही पाडाच म्हणतात. ताडपत्रांच्या जैन ग्रंथभांडारासाठी प्रसिद्ध असलेला ‘संघवीनो पाडो’ तिथलाच. म्हणजे कोशकाराने अर्ध्या गावाचा अर्थ लिहिला तो पाड्यांच्या शहरात बसून. बंगालात कुठल्याही शहरातली आळी म्हणजे ‘पाड़ा’. आणि तिथेच हा शब्द बराच जुना होऊनही भेटतो. कोमिल्ल्याजवळच्या गुणैघर इथे सापडलेला वैन्यगुप्ताचा ताम्रपट गुप्त संवत 188 चा, म्हणजे इसवी सन 507च्या सुमाराचा. त्यात पडीक जमीन दान दिली आहे ती अकरा पाटक. अभ्यासकांनी हिशेब मांडून एक पाटक म्हणजे चाळीस द्रोणवाप ठरवले. द्रोणवाप म्हणजे द्रोणभर बी पेरता येईल एवढी जमीन. आधी जमिनीचे माप, मग त्या जमिनीवर राबणाऱ्यांची वस्ती, असा हा प्रवास झाला असावा. पण तो उलटाही झाला असेल.

आता प्रतिपक्ष. जव्हारकडे कुणालाही विचारा, पाडा ‘पाडणे’वरून आला असे ठामपणे सांगणारा एक तरी भेटतोच. जंगल पाडले, जागा मोकळी केली, झोपड्या उभ्या राहिल्या, झाला पाडा. राब भाजून नागली-वरईची शेती करणाऱ्या मुलखात हे पटतेही चटकन. पण पाटणच्या व्यापारी गल्लीत कोणते साग पाडले होते? आणि मुंबईतल्या नागपाडा-आग्रीपाड्याचे काय? कानाला गोड लागणारी व्युत्पत्ती जरा जपूनच घ्यावी.

दुसरा दावा मात्र वजनदार आहे. तमिळमध्ये ‘पाडि’ म्हणजे वस्ती. जुन्या कन्नडातल्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला (पालुचे हालु, तसे) आणि ‘पाडि’ची ‘हाडि’ झाली. कोडगू आणि हेग्गडदेवनकोटेच्या जंगलात जेनु कुरुबांच्या वस्तीला आजही हाडीच म्हणतात. जंगलाच्या कडेची, मूळ गावापासून सुटलेली आदिवासींची वस्ती, म्हणजे हुबेहूब आपला पाडा! तेव्हा संस्कृतनेच हा शब्द दक्षिणेकडून उचलला आणि ‘क’ जोडून घरचा करून घेतला, असे माझे मत. ताम्रपट याच्या आड येत नाही. सहाव्या शतकाच्या कितीतरी आधी अशी उसनवारी झालेली आहे.

‘वाडा’ हा मात्र याचा सख्खा भाऊ नव्हे. तो ‘वाट’ म्हणजे कुंपण यावरून आला. जव्हारशेजारी वाडा तालुका आहे आणि सगळीकडे ‘वाडी-पाडे’ असे जोडीने म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. वाडीला कूड लागतो, पाड्याला लागत नाही. पाड्यात कूड असतो तो घराला: कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा.

उच्चाराची वेगळीच कथा. दोन स्वरांमध्ये आला की आपला ‘ड’ जीभ उलटी फिरवून हलकेच टेकवलेला असतो. हिंदी-बंगाली त्याखाली टिंब देतात, मराठी देत नाही आणि तिला गरजही नाही. घोटाळा रोमन लिपीत होतो. बंगालच्या पाट्यांवर या ‘ड़’साठी ‘आर’ हे अक्षर, आपल्याकडे ‘डी’. त्यामुळे तोच शब्द तिकडे ‘पारा’ वाचला जातो आणि इकडे हिरडपाड्याचा धबधबा पाहायला आलेला पाहुणा ‘हिराद पदा कुठे?’ असे विचारतो. नाव तर सोपे आहे, हिरड्याच्या झाडावरून पडलेले. नावाच्या शेपटीला वस्ती चिकटवण्याची ही रीत जर्मनांकडेही आहे. त्यांचे ‘डॉर्फ’ म्हणजे खेडे. ड्युसेल नदीवरचे ते ड्युसेलडॉर्फ. तेही खेडे पुढे महानगर झाले, पण शेपटीला डॉर्फ तसाच राहिला. आपल्या नागपाड्याचे तेच झाले.

जव्हार-मोखाड्यातले पाडे अर्धेच राहिले, ते महसुली नोंदीमुळे. शाळा, रेशन, ग्रामसभा हे सगळे मूळ गावाच्या नावावर. 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात एखादी वस्ती किंवा पाडाही ‘गाव’ ठरू शकतो, असे म्हटले. महाराष्ट्राचे नियम 2014 साली आले, पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी. पाड्यातल्या लोकांनी ठराव करून रीतसर मागणी केली, तर पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होतो आणि त्याची ग्रामसभा वेगळी बसते. हेमचंद्राची व्याख्या तेवढ्यापुरती रद्द होते.