‘वायफाय चालत नाही’चा इतिहास

मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ हे नाव बाजारात आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय असणारच, असं लोक धरून चालू लागले. लिनक्स वापरणाऱ्यांच्या वाट्याला मात्र पुढची पाच-सहा वर्षं वेगळीच आली. पडदा, कीबोर्ड, आवाज सगळं चालायचं. वायफाय तेवढं रुसायचं. लिनक्स तेव्हा कच्चं होतं, हौशी मंडळींचं काम होतं, म्हणून असं व्हायचं, हा समज अजूनही ऐकू येतो. पुराव्यापुढे तो टिकत नाही. वायफायचं कार्ड लिनक्सवर चालवणं अशक्य कधीच नव्हतं. ते कसं चालवायचं हे बाहेर सांगायचं नाही, असं चिप बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं.

यातला सर्वांत बोलका पुरावा ब्रॉडकॉमचा आहे. डेल, एचपी आणि ॲपलच्या कितीतरी लॅपटॉपांत या कंपनीच्या चिपा असत, आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर तर सोडाच, चिपेची कागदपत्रंही ती देत नसे. पण त्याच काळात लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर घराघरांत पोचला होता. त्याच्या पोटात लिनक्सच आहे, हे २००३ च्या उन्हाळ्यात उघड झालं. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार त्याचा कोड जाहीर करणं भाग होतं. लिंक्सिस तोवर सिस्कोच्या ताब्यात गेली होती आणि कोड जाहीर झालाही. वायफायचा ड्रायव्हर मात्र त्यात यंत्रभाषेतच राहिला. म्हणजे ब्रॉडकॉमच्या चिपेसाठी लिनक्सचा ड्रायव्हर अस्तित्वात होता, रोज लाखो राउटरांत चालत होता. लॅपटॉपवाल्यांना तो मिळत नव्हता, इतकंच.

हाच बंद ड्रायव्हर पुढे कामी आला. काही स्वयंसेवकांनी तो उलगडला, पण पद्धत काटेकोर ठेवली: एका गटाने यंत्रभाषा वाचून चिप काय करते याचं साध्या भाषेत वर्णन लिहायचं आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा कोड लिहायचा. आयबीएमच्या पीसीची बायोस १९८० च्या दशकात अशीच नव्याने लिहिली गेली होती. नक्कल केल्याचा आरोप न्यायालयात उभा राहू नये, म्हणून हा सगळा सोवळेपणा. त्यातून आलेला ‘बीसीएम४३एक्सएक्स’ ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला आणि २००८ च्या जानेवारीत ‘बी४३’ने त्याची जागा घेतली.

तरीही काम पुरं झालं नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक नव्हतंच. जुन्या कार्डांत फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, कार्डावरच्याच मेमरीत असे. नव्या कार्डांत ती मेमरी वाचवण्यात आली. दर वेळी संगणक सुरू झाला की ड्रायव्हरने फर्मवेअर कार्डात भरायचं, अशी रचना आली. कारखान्यात काही पैसे वाचले, पण जी वस्तू आधी कार्डाबरोबर आपोआप विकली जायची, तीच आता वेगळी फाइल म्हणून वाटायला परवानगी लागू लागली, आणि ब्रॉडकॉम ती देईना. मग ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाचं साधन आलं: ज्याने त्याने कंपनीच्या दुसऱ्या ड्रायव्हरची फाइल उतरवून घ्यायची आणि त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. इंटरनेट सुरू करण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवर! तारेचं जाळं ज्याच्या घरी नव्हतं, त्याने ती पेन ड्राइव्हवरून आणायची.

कंपन्यांच्या बाजूने पहिला आक्षेप रेडिओच्या कायद्याचा, आणि तो निव्वळ बहाणा नव्हता. वायफाय कार्ड म्हणजे प्रक्षेपक. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत अकरा वाहिन्या चालतात, युरोपात बहुतेक ठिकाणी तेरा. भारतानेही या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम काढले ते २००५ च्या जानेवारीत. कोड उघडा केला तर कुणीही शक्ती वाढवेल, निषिद्ध वाहिनीवर जाईल आणि नियामक आम्हाला धरेल, असं अथेरॉस ही चिप बनवणारी कंपनी म्हणे. म्हणून तिच्या कार्डाचा ‘हॅल’ हा गाभा बंद होता. इंटेलने तर २००६ मध्ये ३९४५ या कार्डासाठी उघड्या ड्रायव्हरबरोबर एक बंद प्रोग्राम सतत चालू ठेवण्याची अट घातली. पण पुढे काय झालं ते पाहावं. इंटेलने वर्षभरात शक्ती आणि वाहिन्यांवरची मर्यादा कार्डाच्या फर्मवेअरमध्ये हलवली आणि बंद प्रोग्राम काढून टाकला. अथेरॉसने २००८ च्या जुलैत ‘एथ९के’ हा पूर्ण उघडा ड्रायव्हर स्वतःच दिला. त्याच सुमारास लिनक्समध्ये देशवार नियमांची सही केलेली यादीही आली. मधल्या काळात कायदा काही सैल झाला नव्हता. मग जे २००८ मध्ये कायद्यात बसलं, ते २००४ मध्ये बसत नव्हतं असं म्हणायला आधार काय? शिवाय २००४ मध्येच ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीच्या राइक फ्लोटरने अथेरॉसच्या ‘हॅल’ची जागा घेणारा उघडा कोड लिहिलेला होता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मूठभर गिऱ्हाइकांसाठी कंपनीने खर्च का करावा? पण ड्रायव्हर लिहून द्या, ही मागणी नव्हतीच. चिपेची कागदपत्रं द्या, एवढीच होती. रालिंकसारख्या तुलनेने लहान कंपनीला सहकार्य परवडलं. तिसरा आक्षेप लिनक्सवाल्यांमधलाच: ‘एनडिसरॅपर’ होतं की! विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवणारी ही युक्ती २००३ पासून होती आणि तिने अनेकांचं अडलेलं काम चालवलं, हे नाकारता येणार नाही. पण विंडोजचा ड्रायव्हर इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. ॲपलच्या पॉवरपीसी लॅपटॉपवर, ब्रॉडकॉमची तीच चिप असूनही, त्याचा उपयोग शून्य. कर्नल कोसळला तर दोष कुठे आहे हे शोधायची सोयही नाही. माझ्या मते त्याचा मोठा तोटा वेगळाच होता: काम भागतंय म्हटल्यावर कंपन्यांवरचा दबाव सैल झाला.

ब्रॉडकॉमने २०१० च्या सप्टेंबरमध्ये उघडा ड्रायव्हर जाहीर केला, म्हणजे बाहेरच्यांनी तिचं गुपित उलगडून चार वर्षं झाल्यावर. तोही काही चिपांपुरताच. २०१३ च्या आसपासच्या मॅकबुकांमध्ये असलेल्या बीसीएम४३६० या चिपेला आजही कंपनीचा जुना बंद ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो. बाकी कंपन्यांचे ड्रायव्हर उघडे झाले, पण फर्मवेअर बहुतेकांचं बंदच राहिलं. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ लिनक्स प्रकल्पाने वर्षानुवर्षं ते आपल्या अधिकृत प्रतीबाहेर ठेवलं. अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ते आत घेतलं आणि २०२३ च्या जूनमधल्या डेबियन १२ पासून ते प्रतीतच मिळू लागलं. त्याचा मूळ कोड मात्र अजूनही कंपन्यांकडेच आहे.