हुजूर दप्तर ते क्लाउड : अंबरनाथ औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात दप्तरव्यवस्थेचा विचार

'दप्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचे दूरचे मूळ ग्रीक भाषेतील 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेले चामडे, या शब्दात आहे. ज्यावर लिहावयाचे त्या वस्तूचे हे नाव पुढे लिहिलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला, नंतर ते गठ्ठे ठेवण्याच्या जागेला आणि अखेरीस त्या जागेतून चालणाऱ्या कारभाराला मिळाले. अर्थविस्ताराच्या या क्रमात साहित्य बदलले, जागाही बदलली. परंतु कागद कोणाच्या ताब्यात असावा, तो कोणी पाहावा व त्यात फेरफार कोणी करावा, ही कल्पना शब्दाच्या अर्थाला चिकटूनच राहिली. अंबरनाथच्या एमआयडीसीतील कारखान्यांचे कागद आज 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या संगणकांवर भाड्याने घेतलेल्या साठवणीत, जाऊ लागले आहेत. या स्थित्यंतराचा अर्थ लावताना मराठी दप्तराच्या इतिहासाचे साह्य होण्यासारखे आहे.

पेशव्यांचे हुजूर दप्तर हे या इतिहासातील सर्वांत विस्तृत उदाहरण होय. त्याचे दोन विभाग महत्त्वाचे होते. 'चालते दप्तर' फडणिसांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली असे व त्यात चालू व्यवहाराचे कागद राहत. 'एकबेरीज दप्तर' कायमचे पुण्यास असे. इतर खात्यांचे हिशेब तेथे येत व त्यांचे वर्गीकरण होई. ज्यावर काम चालू आहे तो कागद आणि ज्याचे काम संपले असून जो केवळ जपावयाचा आहे तो कागद, हा भेद त्या कारभाराने असा स्पष्टपणे ओळखला होता. मोडीत लिहिलेले हे कागद कापडी रुमालांत बांधलेले असत आणि रुमालाची जबाबदारी नेमलेल्या माणसाकडे असे. 'फर्द-नवीस', म्हणजे फर्द लिहिणारा, यावरून आलेले 'फडणीस' हे पदनाम पुढे आडनाव झाले, यावरून त्या जबाबदारीची प्रतिष्ठा ध्यानात येते.

नाना फडणिसांच्या काळी या दप्तराला उत्तम शिस्त लागली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती ढासळली. 1818 नंतर हे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. ते पाहणाऱ्या मॅक्लिऑड या अधिकाऱ्याने नोंदविले आहे की, दप्तराची हेळसांड होऊन तेथील कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडून गेला होता आणि लोकांना कागद घेऊन जाण्याचीही मोकळीक मिळाली होती. कोणी शत्रूने हे दप्तर जाळले नव्हते. कागद होते, जागा होती. नाहीशी झाली होती ती राखणदारी.

आता औद्योगिक काळाकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 चा. त्यानुसार 1 ऑगस्ट 1962 रोजी महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या औद्योगिक क्षेत्रांत अंबरनाथचा समावेश झाला. रसायने, औषधे व अभियांत्रिकी माल बनविणारे लहानमोठे कारखाने येथे उभे राहिले. यांपैकी अनेकांचे कारखाने अंबरनाथला आणि कार्यालये मुंबईत, अशी विभागणी होती. एकाच व्यवहाराचा कागद म्हणून दोन ठिकाणी लागे. कार्बन कागद, टपाल व पुढे फॅक्स यांनी ही गरज भागविली, परंतु प्रत्येक साधनाने प्रतींची संख्या वाढविली. ई-मेलने तर जोडपत्र पाठविण्याच्या प्रत्येक वेळी एक नवी प्रत निर्माण केली. सुधारलेला आराखडा कार्यालयात आणि जुना आराखडा यंत्राशेजारी राहिला, तर जुन्या मापाचाच भाग कापला जाई. औषधाच्या बॅचची नोंद दोन ठिकाणी दोन प्रकारची आढळली, तर मालच संशयास्पद ठरे. खरी प्रत कोणती, हा प्रश्न येथे पांडित्याचा नसून पोटापाण्याचा होता.

कागदाला दुसरे भय पाण्याचे. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचा पूर बदलापूर, उल्हासनगर व कल्याण या भागांत शिरला. जुलै 2019 मध्ये याच नदीच्या पुराने बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. अशा खोऱ्यात तळमजल्यावरील कपाट हे दप्तराचे सुरक्षित स्थान म्हणता येणार नाही.

या दोन्ही अडचणींवरील तोडगा 2006 च्या सुमारास पुढे आला. त्या वर्षी ॲमेझॉनने साठवण भाड्याने देण्याची सेवा सुरू केली आणि गूगलने अनेकांनी एकाच वेळी लिहावयाच्या दस्तऐवजाची सोय केली. ड्रॉपबॉक्स 2008 मध्ये व गूगल ड्राइव्ह 2012 मध्ये उपलब्ध झाले. या पद्धतीत प्रत पाठवावी लागत नाही, प्रतीचा दुवा पाठविला जातो. फाईल एकच राहते. तिच्यात कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास तिच्यासोबत राहतो. आणि पाहणे, शेरा देणे व बदलणे हे तीन अधिकार वेगवेगळे देता येतात. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये भारतात उघडलेल्या केंद्रांपैकी एक पुण्याला आहे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र 2016 चे. अंबरनाथच्या कारखान्याचे चालते दप्तर पुन्हा एकदा पुण्यास असू शकते.

कायद्यानेही या दप्तराला मान्यता दिली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायदेशीर स्थान दिले. कंपन्यांच्या हिशेबाविषयीच्या 2014 च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवणे आवश्यक केले आणि 2022 च्या दुरुस्तीने ती दररोज घेण्याचे बंधन घातले. 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद अनिवार्य आहे. मात्र हे नियम कंपन्यांना लागू आहेत. भागीदारी पेढीला ते लागू नाहीत. तेथे शिस्त मालकानेच लावावयाची असते.

आणि धोका नेमका तेथेच आहे. कागद क्लाउडवर गेला की तो आपोआप राखला जातो, अशी समजूत आढळते. वस्तुतः एखाद्या व्यवस्थापकाने पेढीच्या फाइली स्वतःच्या खाजगी खात्यात उघडल्या असतील, तर तो नोकरी सोडतो त्या दिवशी दप्तरही त्याच्याबरोबर जाते. दुवा मिळेल त्याला फाईल उघडता येईल, अशी परवानगी देणे म्हणजे बाजीरावाच्या काळची मोकळीकच होय. मालकाने पुसलेली फाईल सर्वांकडून जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, पुढे नाही. म्हणून एकाच वेळी सर्वत्र दिसणारी फाईल ही राखीव प्रत नव्हे.

दप्तर परक्याच्या जागेत असल्याचा परिणाम जुलै 2025 मध्ये दिसून आला. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. सेवेचे पैसे भरलेले असूनही आपल्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली व महिनाअखेर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला न्यायालय गाठता आले. दहा-बारा कामगारांच्या कारखान्याला तेवढे दिवस काम थांबविणे परवडेल काय, हा प्रश्न राहतोच.

तात्पर्य, नव्या साधनाने दप्तराची जागा बदलली आहे, दप्तरदाराचे काम संपविलेले नाही. खाते व्यक्तीच्या नव्हे, पेढीच्या नावे असणे. चालू फाइली व संपलेल्या फाइली वेगळ्या ठेवणे. माणूस जाताच त्याचे अधिकार काढून घेणे. आणि त्या सेवेच्या बाहेर एक स्वतंत्र प्रत नियमाने राखणे, ही चार कामे कोणा एका माणसावर नावानिशी सोपविलेली असली पाहिजेत. अंबरनाथच्या कारखान्यांत 'ड्राइव्हवर टाक' आणि 'ॲक्सेस दे' ही वाक्ये आता रोजच्या बोलण्यातली झाली आहेत. टाकलेले राखावयाचे कोणी आणि दिलेला अधिकार परत घ्यावयाचा कोणी, हे सांगणारे पदनाम मात्र त्या बोलण्यात अजून रूढ झालेले नाही. मराठीने ते शेकडो वर्षांपूर्वी घडविले होते.