रोगाचा रकाना

सकाळी कंगवा फिरवता आणि तो कुठे अडतच नाही. बाहेर काढता तेव्हा दातांत केसांचा झुपका, मुळासकट. जानेवारी २०२५. तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगावात आहात. परवा डोकं खाजत होतं, काल केस हाताला आले, उद्या टाळू दिसेल. शेजारच्या काकू पदर कपाळापर्यंत ओढून दारात उभ्या आहेत. त्यांचंही तेच झालंय. बातम्यांत गावाचं नाव आलं की आधी आजाराची नाही, लाजेचीच लागण होते.

अंगणात आरोग्य पथक आलंय. आशाताई रजिस्टर उघडतात.

“कधीपासून गळून रायले वं काकू?”

“तीन रोज झाले.”

“घरात अजून कोणाचे? पाणी कुठलं पेता?”

पाणी, रक्त, केस, टाळूची त्वचा, सगळ्याचे नमुने घेतले जातात. पहिला संशय पाण्यावर. तो साहजिकच आहे, हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्ट्याचा मुलूख. इथलं बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की कळतं. पण तुम्ही आता आशाताईंच्या रजिस्टरमधल्या रकान्यावर बोट ठेवा आणि पान मागे जाऊ द्या.

१९१८, कार्तिक. वऱ्हाड तेच. पावसानं दगा दिलाय, कपाशीची बोंडं अर्धीच फुटलीत आणि तीही वेचायला माणूस नाही. कुडापलीकडून खोकल्याचा आवाज येतो, मग थांबतो. तुम्ही कोतवालाच्या मागून चालता आहात. गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू ज्यात नोंदवायचा, ते कोतवाल बुक. नाव, बापाचं नाव, जात, वय, आणि शेवटी मृत्यूचं कारण.

“कशानं गेली?”

“तापानं.”

टाक दौतीत बुडतो. कागदावर अक्षर उमटतं: ताप. पुढच्या घरी, ताप. त्यापुढच्या घरी एकाच दिवशी दोघं, दोन्ही ओळींत ताप. हिवतापाचा ताप आणि जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाचा ताप, वहीत दोन्ही सारखेच. त्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होता. आज जातपडताळणीसाठी पणजोबाची नोंद शोधायला लोक हीच कोतवाल बुकं उघडतात. मला या वह्यांबद्दल आदर आहे. गरिबातल्या गरिबाचं मरण सरकारदरबारी लिहिलं जावं, ही साधी गोष्ट नव्हती. पण मोजून झाल्यावर ‘का’ विचारायला त्या दारात पुन्हा कोणी आलं नाही.

तसं विचारणारा एक माणूस त्याआधीच होऊन गेला होता. क्षणभर लंडन, सप्टेंबर १८५४. डॉ. जॉन स्नो यांच्या हाती पटकीनं मेलेल्यांची अशीच यादी आहे, आणि ती घेऊन ते घरोघर फिरतात: पाणी कुठून आणत होता? बहुतेक बोटं ब्रॉड स्ट्रीटच्या एकाच पंपाकडे वळतात. ८ तारखेला त्या पंपाचा दांडा काढला जातो. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख कलकत्त्यात ओळखणार, त्याला अजून तीस वर्षं आहेत. जंतूचं नाव माहीत नसतानाही त्याची वाट बंद करता येते. सार्वजनिक आरोग्य नावाचं शास्त्र माझ्या मते इथेच उभं आहे, दवाखान्याच्या खाटेपेक्षा त्या दांड्यावर.

परत येताना १९४६ मध्ये थोडं थांबा. भोर समितीचा अहवाल सांगतो की रोगी दवाखान्यात यायची वाट पाहू नका, आरोग्यसेवाच गावात न्या. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडू लागतात. २००५ नंतर आशाताई. कोतवालाच्या वहीतला तो न विचारलेला ‘का’ आता गावातल्याच एका बाईच्या तोंडी येतो.

आणि तुम्ही पुन्हा अंगणात. अठरा गावांत अडीचशेहून जास्त माणसं, त्यांत शाळकरी पोरंही. विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावात येतात आणि पाण्याऐवजी गव्हाच्या डब्याकडे बघतात. पंजाबातून आलेला, रेशनवर मिळालेला गहू. त्यांच्या तपासणीत त्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. चालण्याजोगी मर्यादा १.९. रोग्यांच्या रक्तात, लघवीत, केसांतही तेच वाढलेलं, आणि जस्त कमी. जे पीठ घराघरात मळलं जात होतं, त्याच्याकडे बोट दाखवायला दूरच्या माणसाला यावं लागलं, हे मला टोचतं. रेशनचं पोतं दुकानात उतरतं तेव्हाच मूठभर गहू तपासायला हवा होता.

एप्रिल. बऱ्याच जणांचे केस परत आलेत, काकूंच्याही डोक्यावर काळी लव दिसते. आशाताई मात्र रजिस्टर घेऊन पुन्हा दारात आहेत.

“नखं दाखवा बरं काकू.”

काकू पदराखालून हात पुढे करतात. अंगठ्याचं नख मुळाशी सुटलेलं, पांढरं. आशाताई तो हात आपल्या हातात धरून नव्या पानावर लिहायला घेतात.