मॅक्लेस्की खटला : आकडेवारी खरी धरली, तरी मृत्युदंड कायम

अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांमध्ये दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. कुणी १९५४ चा ब्राऊन निकाल सांगून कौतुक करतो. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा तो निकाल मोठाच आहे. कुणी २०२० मधला जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू सांगून सगळ्या व्यवस्थेचा धिक्कार करतो. या दोहोंच्या मधला, १९८७ सालचा एक निकाल आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. जातीय अत्याचाराचे खटले ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना मात्र तो चटकन कळेल. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

वॉरेन मॅक्लेस्की हा जॉर्जिया राज्यातला कृष्णवर्णीय माणूस. १९७८ मध्ये अटलांटातील एका फर्निचरच्या दुकानावर दरोडा पडला, त्यात एक गोरा पोलीस अधिकारी गोळी लागून मेला. दरोडेखोर चौघे होते. गोळी मॅक्लेस्कीने झाडली असे सरकारी पक्षाचे म्हणणे. ज्युरीत अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय. शिक्षा मृत्युदंडाची झाली.

मागचा संदर्भ इथे लक्षात घ्यावा लागतो. १९७२ च्या फरमन निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मृत्युदंड मनमानी पद्धतीने दिला जातो म्हणून त्या वेळचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले होते. राज्यांनी नवे कायदे केले आणि १९७६ च्या ग्रेग निकालात जॉर्जियाचा नवा कायदा न्यायालयाने मान्य केला. आता मनमानीला आळा बसेल असे गृहीत होते. ते खरे ठरले का, हे प्राध्यापक डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी जॉर्जियातील सत्तरच्या दशकातले दोन हजारांहून अधिक खून खटले घेतले.

मेलेला माणूस गोरा असेल तर ११ टक्के आरोपींना मृत्युदंड, कृष्णवर्णीय असेल तर १ टक्का. आरोपी कृष्णवर्णीय आणि मेलेला गोरा असेल तर हे प्रमाण २२ टक्के. दोघेही कृष्णवर्णीय असतील तर १ टक्का. सरकारी वकील मृत्युदंड मागतात की नाही, इथपासूनच फरक सुरू होतो : पहिल्या प्रकारात ७० टक्के खटल्यांत मागणी, दुसऱ्यात १५ टक्के. ‘गुन्हे वेगवेगळे होते, म्हणून शिक्षा वेगळ्या’ हा नेहमीचा आक्षेप त्यांना ठाऊक होता. त्यामुळे वर्णाशी संबंध नसलेले कितीतरी घटक हिशेबात धरून त्यांनी पुन्हा गणित मांडले. तरीही गोऱ्याच्या मारेकऱ्याला मृत्युदंड होण्याची शक्यता ४.३ पट निघाली. म्हणजे कुणी मारले यापेक्षाही कोण मेला याला जास्त वजन होते. एकाच्या जिवाची किंमत एक आणि दुसऱ्याची दुसरी, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

२२ एप्रिल १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मॅक्लेस्कीचे अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिला. आकडेवारी शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे असे गृहीत धरूनच न्यायालय पुढे गेले, हे विशेष. आकडे राज्याचे चित्र दाखवतात, पण याच खटल्यातल्या ज्युरीने किंवा वकिलाने हेतुपुरस्सर वर्णभेद केला हे त्यातून सिद्ध होत नाही, असे निकाल म्हणतो. पुढे असेही म्हटले की हा युक्तिवाद मान्य केला तर साऱ्या फौजदारी न्यायव्यवस्थेवरच प्रश्नचिन्ह उभे राहील. इतर शिक्षांनाही आव्हान मिळेल. अशा आकड्यांचा विचार विधिमंडळांनी करावा. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी यावर बोट ठेवले : ही तर जास्त न्याय होईल याची भीती झाली!

निवृत्तीनंतर १९९१ मध्ये पॉवेल यांना त्यांच्या चरित्रकाराने विचारले, एखाद्या खटल्यातले मत बदलावेसे वाटते का? त्यांनी मॅक्लेस्कीचे नाव घेतले. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला.

हेच पॉवेल आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, बॅट्सन खटल्यात वेगळे लिहून गेले होते. अमेरिकेत ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही उमेदवार कारण न सांगता वगळता येतात. (आपल्याकडे ज्युरी हा शब्द बहुतेकांना नानावटी खटल्यामुळेच माहीत आहे.) बॅट्सनच्या खटल्यात सरकारी वकिलाने चारही कृष्णवर्णीय वगळले आणि ज्युरी सगळी गोरी बसवली. वर्ण पाहून असे वगळता येणार नाही, संशय आल्यास वकिलाला कारण द्यावे लागेल, असे न्यायालयाने ठरवले. नियम चांगला. पण कारण काय, काहीही देता येते : नजर मिळवत नव्हता, वय कमी वाटले, बाई अस्वस्थ दिसत होती.

जॉर्जियाच्याच टिमथी फॉस्टरच्या १९८७ च्या खटल्यात अशीच कारणे दिली गेली आणि न्यायालयांनी ती मानली. पुढे आपल्या माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली सरकारी वकिलांच्या फायली मिळाल्या. कृष्णवर्णीय उमेदवारांची नावे हिरव्या रंगाने रंगवलेली, शेजारी ‘बी’ हे अक्षर! २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला. कागद सापडला म्हणून. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालवला आणि सहा खटल्यांत मिळून ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय उमेदवार वगळले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर त्याची वीसहून जास्त वर्षे तुरुंगात गेली होती.

आपल्या अनुच्छेद १४ मधले ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द अमेरिकेच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आले आहेत. हेतू सिद्ध करण्याची अडचणही दोन्हीकडे आहे. खैरलांजीत २००६ मध्ये एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. आरोपींना खुनाची शिक्षा झाली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा ना भंडाऱ्याच्या न्यायालयाने लावला, ना २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने. त्या वेळी कलम ३(२)(५) खाली ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा झाला हे दाखवावे लागे. २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीने, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे याची जाणीव असणे पुरेसे केले. हा बदल न्यायालयात नव्हे, संसदेत झाला.

अमेरिकेतही मॅक्लेस्कीनंतरची वाट विधिमंडळांतून आणि राज्यांच्या न्यायालयांतून गेली. नॉर्थ कॅरोलिनाने २००९ मध्ये, मृत्युदंडाविरुद्ध आकडेवारीचा पुरावा चालेल असा कायदा केला. सत्ता बदलली आणि २०१३ मध्ये तो रद्द झाला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, अशाच अभ्यासाचा आधार घेऊन, आपल्याकडचा मृत्युदंड वर्णभेदी आणि मनमानी ठरवून बंद केला. कॅलिफोर्नियाच्या २०२० च्या कायद्यात तर आरोपीने हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही, आणि पॉवेल यांनी अपुरी मानली होती ती आकडेवारी तिथे पुरावा म्हणून मांडता येते.