होडीच्या काठाचा गोट

गोधडी शिवून झाली की शेवटी आपण तिला चारी बाजूंनी गोट लावतो. नवी साडी आणली की आधी फॉल लावतो. सुपाचा काठसुद्धा बुरूड वेगळा बांधून देतो. कुठलीही वस्तू आधी झिजते ती काठाला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. काठाला जे लावायचं ते झिजण्यासाठीच लावायचं, म्हणजे आतली वस्तू शाबूत राहते. फॉल विटला की बदलता येतो, साडी बदलणं परवडत नाही.

होडीलाही असाच गोट असतो. आजच्या भागात आम्ही त्याच्याबद्दल बोलणार आहोत. घाटावरच्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला होडीचं काय? पण उजनीच्या, कोयनेच्या पाण्यावरही होड्या चालतातच. शिवाय या गोटाच्या गोष्टीत बायकांचा हात फार जुना आहे. त्यासाठी तरी ऐका.

होडीचा तळ पाण्यात असतो म्हणून सगळे तळाची काळजी करतात. मार मात्र काठ खातो. धक्क्याला लागताना तो आपटतो, शेजारच्या होडीला घासतो, जाळं ओढताना दोर त्याच्यावरूनच सरकतो. खाडीत तर रात्रीही सुटका नाही. दिवसरात्रीत दोनदा भरती, दोनदा ओहोटी. बांधून ठेवलेली होडी पाण्याबरोबर वर चढते, खाली उतरते आणि धक्क्याच्या दगडावर तिचा काठ कानशीने घासल्यासारखा घासत राहतो. लाकडावरचं तेल निघालं की तिथून पाणी शिरतं. मग फळी फुगते, वाळते, पुन्हा फुगते, आणि दोन-चार वर्षांत बोटाने उकरता येईल इतकी मऊ होते.

आता थोडं मागे जाऊ. अरबी समुद्रातली जुनी गलबतं बऱ्याच ठिकाणी खिळ्यांनी ठोकलेली नसत, शिवलेली असत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि नारळाच्या काथ्याच्या सुंभाने फळीला फळी शिवायची. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो इराणच्या होर्मुझ बंदरात पोचला, तेव्हा त्याने अशी जहाजं पाहिली. त्याला ती धोक्याची वाटली, पण सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो हे त्यानेही लिहून ठेवलं.

त्यानंतर इब्न बतूता आला. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३-४४च्या सुमारास मालदीव बेटांवर राहिला, तिथे काझीही झाला. त्याने काथ्याची सगळी रीत लिहिली आहे. नारळाची सोडणं किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत कुजवतात, मग बडवतात, आणि त्याचा सुंभ बायका वळतात. तोच सुंभ हिंदुस्थान, चीन आणि येमेनपर्यंत जातो आणि त्याने जहाजं शिवतात. जहाजं शिवायची का, तेही तो सांगतो. या समुद्रात खडक फार. लोखंडी खिळ्यांचं जहाज खडकाला लागलं तर फुटतं, सुंभाने शिवलेलं थोडं लवतं आणि वाचतं.

मालदीवची गादी तेव्हा एका बाईकडे होती. त्या राणी खदीजाचं नाव इब्न बतूताने आश्चर्याने नोंदवलं आहे. सुंभ वळणाऱ्या बायकांपैकी मात्र एकीचंही नाव त्याच्या लिखाणात नाही. तरी निदान एक वाक्य त्याने त्यांच्यासाठी खर्च केलं, म्हणून आज सातशे वर्षांनी आपण ते सांगू शकतो. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

शिवणीचा सुंभ आणि काठाचा दोर, दोन्ही एकाच काथ्याचे. होडी खिळ्यांची झाली तरी काठावर आणि धक्क्यावर काथ्याचा जाड दोर राहिलाच. काठाच्या बाहेरून लाकडाची एक लांब पट्टी ठोकायची आणि जिथे मार जास्त, तिथे दोराचे वेढे किंवा गुंडाळे बांधायचे, ही साधी पद्धत. पट्टी झिजली की ती काढून दुसरी ठोकायची, मूळ फळीला हात लावायचा नाही. लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल पाजायचं. वास असा की होडी दिसायच्या आधी कळायची.

आमच्याकडच्या थोरल्या बायका काथ्याचं काम हाताने केलेल्या आहेत. ओली सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, वर दगड ठेवायचे आणि सहा ते दहा महिने विसरून जायचं. मग बाहेर काढून लाकडी दांड्याने बडवायची. त्या कुजलेल्या पाण्याचा वास हाताला कितीही घासलं तरी दोन दिवस जात नाही. कुजताना गर सडतो, धागा मात्र उरतो. कारण त्या धाग्यात लिग्निन भरपूर असतं, म्हणजे लाकडाला जे टणक ठेवतं तेच द्रव्य. कापसाचा दोर समुद्रात लवकर सडतो, काथ्याचा तग धरतो, त्यामागे हे कारण आहे. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण ज्यांनी पहिल्यांदा म्हटली, त्यांनी सुंभ वळलेला असणार असं आम्हाला वाटतं.

मग रबर आलं. कच्चं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक एकत्र तापवलं, तेव्हा ते दोन्ही हवामानांत टिकायला लागलं. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. तो जनावरांचा डॉक्टर होता आणि टायर त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवला होता. पुढे रस्ते झाले, ट्रक वाढले आणि जुने टायर फुकटात मिळायला लागले. धक्क्यावर टायर, तरीवर टायर. काथ्याचा जाड दोर कुणी विकत घेईना. दोराबरोबर सुंभ वळणाऱ्या बाईची मजुरीही गेली. टायर पुरुषांनी गॅरेजमधून आणला, पुरुषांनीच टांगला, आणि काठाचं काम हळूहळू आपल्या हातातून सुटलं.

टायर धक्क्याला उत्तम. लहान होडीला तो आम्हाला पसंत नाही. जड असतो, आत पाणी साठून डास होतात, झिजला की आतली तार बाहेर येऊन हात कापते आणि पांढऱ्या फायबरवर काळे ओरखडे उठतात.

आता खाडीत फायबरच्या होड्या जास्त दिसतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, हे तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. बचत गटाची होडी म्हणजे गटाची दुभती गाय. ती दुरुस्तीला बाहेर पडून राहिली तर तेवढे दिवस कमाई शून्य, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. काठाची पट्टी बदलणं हे आपलं आपल्याला येणारं काम आहे, हे त्यासाठी लक्षात घ्या.

फायबर होडीच्या काठाला रबराची किंवा पीव्हीसीची पट्टी लागते. एक पट्टी दाबून बसवायची असते, गाडीच्या दाराला असते तशी. तिच्या पोटात बहुधा लोखंडी पत्रा असतो. खाऱ्या पाण्यात तो गंजतो आणि पकड सोडतो, म्हणून ती गोड्या पाण्यातल्या होडीला बरी. खाडीसाठी स्क्रूने बसवायची पट्टी घ्या.

काठाची लांबी सुतळीने मोजा, फुटपट्टीने वळण मोजता येत नाही. वर हातभर पट्टी जास्त आणा. जुनी पट्टी काढल्यावर काठ गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. जुनी भोकं बुजवा. पीव्हीसीची पट्टी तासभर उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवली की मऊ होते आणि वळणावर सुरकुत्या पडत नाहीत. नाळेच्या मधोमध सुरुवात करा आणि दोघी दोन बाजूंनी मागे जा. एकीने धरायचं, दुसरीने स्क्रू मारायचा. पट्टी ताणू नका. ताणून बसवलेली पट्टी पुढे आखडते आणि टोकाला फट पडते. स्क्रू चार-सहा इंचांवर, स्टेनलेस स्टीलचाच. भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडा आणि स्क्रू घालण्याआधी प्रत्येक भोकात सीलंट भरा. इथे कंजुषी करू नका. बऱ्याच होड्यांच्या काठात फायबरखाली लाकूड किंवा प्लायवूड असतं. एका कोरड्या भोकातून पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं, वरून होडी चकचकीत दिसत राहते.

देखभाल थोडीच आहे. खाडीतून आल्यावर काठावर गोडं पाणी मारा. महिन्यातून एकदा काठ बोटांच्या पेरांनी ठोकत चला. आवाज बद्द आला तर आत पाणी आहे असं समजा, तिथला स्क्रू काढून बघा. पट्टीला रॉकेल, डिझेल लागू देऊ नका, रबर फुगतं. एखादा तुकडा फाटला तर तेवढाच कापून नवा जोडा, पण जोड बाजूला घेऊ नका. बाजूलाच धक्का लागतो. जोड मागच्या बाजूला घ्या.

आणि हे काम मे महिन्यातच उरका. पावसात काठ आतून वाळत नाही, ओल्या काठाला सीलंट धरत नाही. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या की आधी काठ बघायचा, झावळ्यांनी नंतर शाकारायचं.