कायद्याआधीची पंचायत

करोंदच्या मंडीत काट्यावर नजर ठेवूनच माल घ्यायची आपल्या घरांना सवय आहे. पण बंद पुड्यातल्या भेसळीला नजर पुरत नाही. टंचाई आणि साठेबाजीच्या दिवसांत, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. आपले बाबूजी, सुधीर फडके, हेही त्या कामात होते. शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवीत नि वाटून घेत. मोठा भार गृहिणींनी उचलला. दाद मागायची तर दिवाणी दाव्याची वाट फार लांबची होती.

‘अनुचित व्यापारी प्रथा’ १९८४ साली मक्तेदारीविषयक कायद्यात आल्या. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पुढे जिल्हा मंच आले. वकिलाची सक्ती नव्हती. तरी पुण्याच्या दुकानात फसलेल्या भोपाळकराला तक्रारीसाठी सहसा पुणेच गाठावे लागे! २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ती तक्रार भोपाळच्याच जिल्हा आयोगात करता येते.