सांधा कोणाच्या मालकीचा?

एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा कडाक्याचा तंटा खोल्यांविषयी क्वचितच असतो. तो असतो सामाईक विहीर, बोळ आणि मधली भिंत यांविषयी. वकिली करताना हा अनुभव आम्हांस वारंवार आला आहे. यंत्रविद्येच्या इतिहासातही असे एक प्रकरण अमेरिकेत घडले. ते वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

१९६० च्या सुमारास आय. बी. एम. ही संगणक बनविणारी अग्रगण्य कंपनी होती. तथापि तिच्या निरनिराळ्या यंत्रांचा आपसांत मेळ नव्हता. लहान यंत्र अपुरे पडून ग्राहकाने मोठे घेतले, की जुने प्रोग्राम बहुधा पुन्हा लिहावे लागत. डिसेंबर १९६१ मध्ये कंपनीच्याच एका समितीने सुचविले, की लहानमोठी सर्व यंत्रे एकाच कुळातील असावीत. ७ एप्रिल १९६४ रोजी हे कुळ ‘सिस्टिम ३६०’ या नावाने जाहीर झाले. जीन ॲमडाल व फ्रेडरिक ब्रुक्स हे त्याच्या शिल्पकारांतील प्रमुख होत. ‘फॉर्च्यून’ मासिकाने या साहसास पाच अब्ज डॉलरांचा जुगार म्हटले.

या रचनेचे मर्म सांध्यात होते. गणनयंत्र, चुंबकीय तबकड्या, छपाईयंत्र हे घटक वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या ठिकाणी घडवावयाचे. मात्र ते एकमेकांस कसे जोडले जातील याचे नियम आधीच ठरलेले. नियम पाळला, की आतील रचनेस मोकळीक. त्यामुळे एक घटक सुधारला तरी बाकीचे मोडावे लागेनात. एकाच घटकाचे अनेक प्रयोग करून त्यांतील उत्तम तेवढा ठेवता येऊ लागला, आणि फसलेल्या प्रयोगाची हानी त्या घटकापुरतीच राहिली. ग्राहकाचाही पूर्वीचा खर्च वाया जाईना.

परंतु जो सांधा घरच्यांस सोयीचा, तोच बाहेरच्यांसही सोयीचा! १९६७ मध्ये कंपनीच्या बारा कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडून ३६० ला जोडता येतील अशा तबकड्यांचा स्वतंत्र धंदा आरंभिला. टेलेक्स, मेमोरेक्स याही कंपन्या या व्यापारात उतरल्या. त्यांचा माल स्वस्त होता. आय. बी. एम. ने भाडे उतरविले, दीर्घ मुदतीच्या करारांवर सवलती दिल्या. तेव्हा टेलेक्सने न्यायालय गाठले. १९७३ मध्ये ओक्लाहोमातील संघीय न्यायालयाने टेलेक्सला पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक भरपाई दिली. त्याच निकालात टेलेक्सने आय. बी. एम. ची व्यापारी गुपिते घेतल्याचेही ठरले. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. प्रतिस्पर्ध्यास तोंड देण्यासाठी भाव उतरविणे हा गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. गुपितांविषयीचा निर्णय मात्र बव्हंशी कायम राहिला. सरकारने जानेवारी १९६९ मध्ये गुदरलेला मक्तेदारीविरोधी दावा तेरा वर्षे रेंगाळला आणि १९८२ मध्ये सोडून देण्यात आला.

दरम्यान जून १९६९ मध्ये कंपनीने यंत्र आणि प्रोग्राम यांची आकारणी निराळी करण्याचे घोषित केले. प्रोग्रामला स्वतंत्र किंमत आली, आणि त्याचा स्वतंत्र व्यवसाय उभारणाऱ्यांस वाव मिळाला. आज पुण्याहैदराबादेतील हजारो घरे ज्या व्यवसायावर चालतात, त्याच्या पूर्वेतिहासात या घोषणेस स्थान आहे. स्वतः ॲमडाल यांनीही १९७० मध्ये नोकरी सोडली; १९७५ मध्ये त्यांच्या नव्या कंपनीचे यंत्र बाजारात आले. त्यावर आय. बी. एम. चेच प्रोग्राम चालत.

आमच्या मते या प्रकरणातील न्याय साधा आहे. गुपित चोरणे हा अपराध खरा. परंतु सांध्याला सांधा जुळेल असे यंत्र स्वतःच्या बुद्धीने घडविणे हा अपराध नव्हे. पाच अब्ज डॉलर पणास लावणाऱ्यास लाभ मिळावा हे योग्यच, आणि तो त्यास मिळालाही. सर्व लाभ मात्र त्याच्याकडे राहिला नाही. विहीर ज्याने खणली त्याचा मान पहिला. पण बोळ सर्वांसाठी मोकळा ठेवल्यावर शेजाऱ्याने घागर आणली म्हणून दावा कसा लावणार?